गुन्हा कोणाचा ? शिक्षा कोणास ?

सन २०२० च्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत स्कॉट पेरी या सभासदानें एक बिल मांडलें. चीनच्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचें नांव अमेरिकन न्यायखात्याच्या आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी संघटनांच्या यादींत घालावें, असा त्याचा आशय होता. बिल बारगळलें; पण परराष्ट्राचा अख्खा राज्यकर्ता पक्षच गुन्हेगार ठरविण्याची ही कल्पना तपासून पाहण्यासारखी आहे.

चिनी सरकारची वकिली करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. शिंजियांगमधील उइगुर मुसलमानांस छावण्यांत कोंडण्यांत आलें; ३० जून २०२० रोजीं हाँगकाँगवर सुरक्षेचा कायदा लादून तेथील लोकमताचें तोंड बांधण्यांत आलें. अन्यायास अन्याय म्हटलेंच पाहिजे. प्रश्न इतकाच कीं, शिक्षा कोणास करावयाची ?

या पक्षाचे सभासद तेव्हांच नऊ कोटींहून अधिक होते. छावणीचा हुकूम सोडणारा अधिकारी आणि नोकरीपुरता सभासद झालेला मनुष्य या दोघांस एकाच मापानें मोजावयाचें काय ? सब घोडे बारा टक्के हा हिशेब पेढीवर चालत नाहीं. तो न्यायासनापुढें कसा चालावा? न्यूरेंबर्गच्या न्यायाधीशांनीं सन १९४६ मध्यें नाझी पक्षाचें पुढारीमंडळ गुन्हेगार ठरविलें. परंतु गुन्ह्याची जाणीव किंवा त्यांत सहभाग नसेल, तर केवळ सभासदत्वावरून कोणास दोषी धरूं नये, असेंही बजावलें.

हें तत्त्व आम्हां भारतीयांस ग्रंथांतून शिकावें लागत नाहीं. सन १९३२ मध्यें इंग्रज सरकारनें १९०८ च्या कायद्याच्या आधारें काँग्रेस कमिट्या बेकायदा ठरविल्या, तेव्हां सभासद तर आरोपी झालाच, पण वर्गणी देणारा व्यापारीही कैदेस पात्र ठरला. काँग्रेसच्या हातीं सत्ता नव्हती, चिनी पक्षाच्या हातीं ती आहे, हा भेद मोठा खरा. पण कृत्य सोडून नांवास शिक्षा करण्याची रीत तीच.

दुसरा मार्ग अमेरिकेजवळ होता व तिनें तो अवलंबिलाही. जुलै २०२० मध्यें शिंजियांगचे पक्षचिटणीस चेन छुआनग्वो यांचें नांव घेऊन त्यांची अमेरिकेतील मालमत्ता गोठविण्याचा हुकूम निघाला. हा कांहीं न्यायालयाचा निवाडा नव्हे. तरी त्यांत मनुष्य नेमका आहे व आरोपही नेमका आहे. जुलमी सत्तेस कायद्यानें जरूर जाब विचारावा. मात्र आरोपपत्रांत पक्षाचें नांव लिहून पुराव्याची जागा कोरी ठेवूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.