सभेत हरलेला पेपे: ‘लँड अँड फ्रीडम’ची तीस वर्षं

मे १९९५ मध्ये कान महोत्सवात केन लोच यांचा ‘लँड अँड फ्रीडम’ दाखवला गेला, तेव्हा बर्लिनची भिंत पडून सहा वर्षंही झाली नव्हती. सोव्हिएत संघ विसर्जित होऊन तर साडेतीन वर्षंही झाली नव्हती. डाव्या विचारांचा हिशेब कायमचा मिटला असं समजणाऱ्यांची तेव्हा चलती होती. अशा वेळी एका ब्रिटिश दिग्दर्शकाने १९३६ च्या स्पेनमधल्या यादवीवर चित्रपट काढावा आणि त्यात फ्रँकोच्या फौजांपेक्षा डाव्यांच्या आपसातल्या लढाईलाच जास्त जागा द्यावी, हे अनेकांना अवेळी वाटलं.

तसा हा चित्रपट वेळेवरच आला होता. मॉस्कोची दप्तरं नुकतीच उघडू लागली होती. त्यांच्या आधारे १९९२ मध्ये कातालान दूरचित्रवाणीने स्पेनमधले डावे नेते अँद्रेउ निन यांच्या १९३७ मधल्या खुनावर माहितीपट केला होता. जे इतकी वर्षं कुजबुजीत सांगितलं जात होतं, त्याला कागदाचा पुरावा मिळाला होता.

हे प्रकरण थोडक्यात असं. जुलै १९३६ मध्ये फ्रँकोसह लष्करातल्या अधिकाऱ्यांनी प्रजासत्ताकाविरुद्ध उठाव केला. बार्सिलोनात तो कामगारांनी मोडून काढला आणि त्या जोरावर कातालोनिया-आरागोनमध्ये कारखाने आणि शेती ताब्यात घेतली. पण प्रजासत्ताकाच्या बाजूला एकमत नव्हतं. अराज्यवादी कामगार संघटना सीएनटी आणि स्टॅलिनविरोधी मार्क्सवाद्यांचा छोटा पक्ष पोउम म्हणत होते की क्रांती आणि युद्ध वेगळी काढताच येत नाहीत. ज्याला जमीन मिळाली तोच जिवावर उदार होऊन लढेल. कम्युनिस्ट, मवाळ समाजवादी आणि प्रजासत्ताकवादी म्हणत होते की आधी युद्ध जिंका. त्यासाठी शिस्तीचं सैन्य हवं, आणि छोट्या मालकांना बिथरवून चालणार नाही, ब्रिटन-फ्रान्सलाही नाही. ब्रिटन आणि फ्रान्सने हस्तक्षेप न करण्याचं धोरण घेतलं, हिटलर आणि मुसोलिनी मात्र फ्रँकोला खुशाल मदत करत राहिले. प्रजासत्ताकाला रणगाडे आणि विमानं मिळाली ती १९३६ च्या ऑक्टोबरपासून, मॉस्कोकडून. त्यांच्यासोबत मॉस्कोचा शब्दही आला.

३ मे १९३७ रोजी बार्सिलोनाच्या टेलिफोन इमारतीच्या ताब्यावरून या दोन गटांत ठिणगी पडली. पाच-सहा दिवस शहरात रस्तोरस्ती अडथळे उभे होते, शेकडो माणसं मेली. जूनमध्ये पोउमवर बंदी आली, पक्षाचे नेते निन यांना अटक झाली आणि सोव्हिएत गुप्तहेरांनी त्यांचा छळ करून खून केला. वर त्यांच्या पक्षाला फ्रँकोचा हस्तक ठरवलं. जॉर्ज ऑर्वेल त्याच पक्षाच्या मिलिशियातून लढला होता. त्याने १९३८ मध्ये या अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकाच्या दीड हजार प्रतीसुद्धा त्याच्या हयातीत खपल्या नाहीत.

चित्रपटाची पटकथा जिम अ‍ॅलन यांची. मँचेस्टरचा हा माणूस खाणीत राबला, बांधकामावर हमाली केली आणि स्टॅलिनविरोधी ट्रॉट्स्कीच्या बाजूने उभा राहिला. त्यामुळे चित्रपटाचा कल कुठे आहे हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं आणि अ‍ॅलन-लोच जोडीने तो लपवलेलाही नाही. लिव्हरपूलचा बेकार तरुण डेव्हिड कार, ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचा सभासद, स्पेनला जातो आणि ओघाने पोउमच्या मिलिशियात दाखल होतो. ही कहाणी आपल्याला त्याच्या मृत्यूनंतर त्याची नात उलगडून दाखवते, पेटीत सापडलेल्या पत्रांमधून आणि कात्रणांमधून.

या चित्रपटाचं नाव निघालं की लोक आजही एका प्रसंगाबद्दल बोलतात. मिलिशिया एक गाव फॅसिस्टांकडून जिंकून घेते. जमीनदाराच्या वाड्यात गावकरी जमतात आणि जमिनीचं काय करायचं यावर सभा सुरू होते. बाराएक मिनिटं पडद्यावर फक्त माणसं बोलत असतात. पेपे नावाचा शेतकरी म्हणतो, माझा तुकडा मी माझ्या घामाने कसलाय, तो मी सर्वांच्यात का घालू? दुसरा म्हणतो, सगळं सगळ्यांचं झालं नाही तर वर्षभरात जुनंच परत येईल. मग मिलिशियातल्या परदेशी लोकांना मत विचारतात. लॉरेन्स हा अमेरिकन बजावतो की घोषणा जरा सौम्य करा, नाहीतर बाहेरचे देश शस्त्रं देणार नाहीत. एक जर्मन उठून सांगतो की आमच्याकडे क्रांती पुढे ढकलली आणि हिटलर आला. शेवटी हात वर होतात आणि बहुमत सामुदायिक शेतीच्या बाजूने पडतं.

हे दृश्य अभिनयासारखं वाटतच नाही, याचं कारण लोच यांच्या कामाच्या पद्धतीत आहे. ते कथेच्या क्रमाने चित्रण करतात आणि पुढचं कथानक नटांना आधी सांगत नाहीत. बोलताना माणूस अडखळतो, दुसरा त्याला मध्येच तोडतो, तिसरा भाषांतर करतो. राजकीय चित्रपटात विचार सहसा नायकाच्या तोंडी भाषण म्हणून येतो. इथे तो वादात घडताना दिसतो. शिवाय आधी युद्ध जिंकू म्हणणारा लॉरेन्स इथे मूर्ख नाही की विकला गेलेलाही नाही. त्याचा मुद्दा खरा आहे म्हणूनच सभेला वजन येतं.

उत्तरार्धात हा तोल जातो. जुनाट बंदूक हातातच फुटून जखमी झालेला डेव्हिड बार्सिलोनाला येतो आणि कम्युनिस्टांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या, परदेशी स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये जातो. मेच्या चकमकीत तो कम्युनिस्टांच्या बाजूने छतावर पहारा देत असताना समोरच्या इमारतीतून मँचेस्टरचा एकजण विचारतो की तू इकडे का नाहीस. डेव्हिडकडे उत्तर नसतं. प्रसंग मार्मिक आहे. पुढे तो पक्षाचं कार्ड फाडतो आणि मिलिशियात परततो. तोवर बायकांना आघाडीवरून स्वयंपाक आणि शुश्रूषेकडे धाडणारा हुकूम आलेला असतो. अखेर प्रजासत्ताकाच्या नव्या सैन्याचे गणवेशधारी मिलिशियाची शस्त्रं काढून घ्यायला येतात. त्यांच्यात लॉरेन्स असतो आणि त्या गडबडीत मिलिशियातल्या ब्लांकाला गोळी लागते. सभेत ज्याला बोलायला पुरेशी जागा दिली, त्याच्या तोंडी इथे हुकूमच उरतो.

हेच इतिहासकारांना खटकलं. पॉल प्रेस्टन यांचा आक्षेप असा की अशा मांडणीत पराभवाचं पाप फ्रँको, हिटलर, मुसोलिनी आणि ब्रिटनच्या धोरणाऐवजी स्टॅलिनच्या माथी जातं. यात तथ्य आहे. चित्रपट १९३७ च्या मध्याला संपतो. युद्ध पुढे एप्रिल १९३९ पर्यंत चाललं, एब्रोची लढाई व्हायचीच होती. स्पेनमध्ये सान्तियागो कारियो या जुन्या कम्युनिस्ट नेत्याने चित्रपटावर जाहीर टीका केली. फ्रँकोनंतर सर्वांनी मिळून भूतकाळावर टाकलेला पडदा यानिमित्ताने हलला. २००७ आणि २०२२ साली तिथे स्मृतीविषयक कायदे झाले. त्याचं श्रेय एका चित्रपटाला देणं भाबडेपणाचं, पण घरातल्या आजोबांना प्रश्न विचारण्याचं निमित्त त्याने अनेकांना दिलं.

चित्रपटाच्या शेवटी शस्त्रं काढून घ्यायला येणाऱ्या त्या गणवेशधाऱ्यांकडे पाहताना मराठी प्रेक्षकाने एक नाव आठवावं. नागपूरचे गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह, पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि तिथून १९३७ मध्ये ‘जॉन स्मिथ’ या नावाने आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या ब्रिटिश तुकडीत सामील झाले. या तुकडीला मुंबईत जन्मलेले कम्युनिस्ट नेते शापुरजी सकलातवाला यांचं नाव दिलेलं होतं. १९३८ च्या वसंतात ते फ्रँकोच्या सैनिकांच्या हाती सापडले आणि सान पेद्रो दे कार्देन्याच्या छावणीत राहिले. सुटून परत आल्यावर पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. हुद्दार स्पेनमध्ये गेले तेव्हा निन मारले जाऊन गेले होते. त्यांच्यासारखे हजारो लोक फ्रँकोशी लढायलाच त्या ब्रिगेडमध्ये आले होते. त्यांना गद्दारांच्या रांगेत बसवता येत नाही, आणि निन यांच्या खुनावर पांघरूणही घालता येत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवणं चित्रपटाला शेवटपर्यंत जमलं नाही.

लोच यांना ते पुढे जमलं. २००६ मध्ये त्यांच्या ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’ला कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तिथे आयर्लंडची यादवी आहे, दोन भाऊ आहेत, प्रजासत्ताकाच्या कोर्टात आणि ब्रिटनशी झालेल्या तहावर तशाच लांब चर्चा आहेत. पटकथाकार पॉल लॅव्हर्टी, जे ‘लँड अँड फ्रीडम’मध्ये मिलिशियातला एक सैनिक म्हणून दिसले होते. फरक एवढाच की यावेळी तडजोड करणारा भाऊ, टेडी, शेवटच्या गोळीपर्यंत आपल्या बाजूने बोलू शकतो आणि प्रेक्षकाला त्याच्यासाठीही वाईट वाटतं.

आज ‘लँड अँड फ्रीडम’ कोण बरोबर होतं हे ठरवायला पाहिला तर तो अर्धाच पटतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला इतिहासाची पुस्तकं अधिक कामाची आहेत. मतभेद मोडून काढायच्या आधी तो कसा ऐकला जातो, हे पाहायला मात्र तो एकदा पाहावाच. पेपेचा मुद्दा त्या सभेत हरला, पण त्याचं ऐकून घेऊनच हात वर झाले. डाव्यांच्या चळवळींना, आणि उजव्यांच्याही, अजून तेवढंसुद्धा नेहमी जमत नाही.