फराळ आणि पहाटेची धाव

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर पळावं लागतं. पिंगळीसारख्या गावात त्यासाठी पळणाऱ्या पोरापोरींचा सराव दिवाळीत चार दिवस थांबला, की त्यांना धास्ती वाटते. पण एवढ्यात दम जात नाही. तो जाणवण्याइतका घसरायला साधारण दोन आठवडे लागतात. काट्यावर वाढलेलं वजनही सगळं चरबीचं नसतं. स्नायूंत साखरेचा साठा होतो, ग्लायकोजन. त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतो. चकली-शेवेतल्या मिठानंही पाणी साचतं. पळून करंज्या जिरवायचा हिशेब मात्र सोडा. 60 किलोच्या माणसाच्या एका किलोमीटरला जेमतेम 60 कॅलरी जळतात, आणि तुपात तळलेली, खोबरं-साखर भरलेली एकच करंजी त्याहून जड असते. करंजी आवडीनं खा, पण पाडव्याच्या पहाटे निम्मं अंतर तरी पळाच.