कोंड्याच्या डब्यातील प्रयोगशाळा

चाळणीत एखादी अळी वळवळताना दिसली की आपल्या घरांतून पहिली हालचाल होते ती पीठ उन्हात टाकण्याची आणि दुसरी वाण्याला बोल लावण्याची. अशा घरात अळ्या मुद्दाम पाळाव्यात असे सुचविणारा मनुष्य विक्षिप्तच ठरावयाचा. तथापि कीटकाच्या चार अवस्था घडाघडा म्हणून दाखविणाऱ्या मुलांनी त्यांतील एकही डोळ्यांनी पाहिलेली नसते, हे शाळेत वर्षानुवर्षे पाहिल्यावर ही सूचना करण्याचे धाडस करावेसे वाटते.

येथे अभिप्रेत असलेला कीटक म्हणजे आपल्या रव्यात निघणारा बारीक तांबूस किडा नव्हे. हा त्याहून पुष्कळ मोठा, काळसर भुंगेरा. लिनियसने १७५८ साली त्याला ‘टेनेब्रिओ मोलिटर’ हे नाव दिले; अंधारात वावरणारा आणि गिरणीवाला, असे त्यातील दोन लॅटिन शब्दांचे अर्थ. नामकरण इतके चपखल क्वचितच साधते! मोठ्या शहरांत पाळीव पक्ष्यांचे व माशांचे खाद्य विकणारांकडे याच्या पिवळ्या अळ्या मिळतात.

सामग्री अगदी थोडी लागते. गुळगुळीत, उभ्या कडांचा प्लास्टिकचा डबा घ्यावा. अशा भिंतीवर या अळीला चढता येत नाही. झाकणाला भोके पाडून जाळी बसवावी. आत चार-पाच सेंटिमीटर गव्हाचा कोंडा, ज्याला आपण माळव्यात सर्रास चोकर म्हणतो, पसरावा. तोच तिचा बिछाना आणि तेच अन्न. पाण्याची वाटी मात्र ठेवू नये. बटाट्याची वा गाजराची धुतलेली चकती ठेवली की तीतून पुरेसा ओलावा मिळतो. ती दोन दिवसांनी बदलावी, कारण कोंड्याला बुरशी लागली की सारा संसार आटोपतो. पंचवीस ते अठ्ठावीस अंश उष्णता तिला मानवते. आपल्याकडे पावसाळा ओसरल्यावर प्रारंभ करणे बरे; मे महिन्याच्या उन्हात हा उद्योग करू नये. थंडीत वाढ मंदावते, म्हणून काही लोक अळ्या फ्रिजमध्येही ठेवतात. त्यासाठी गृहिणीची संमती मिळविण्याचा उपाय मला ठाऊक नाही.

अळी वारंवार कात टाकते. नुकती कात टाकलेली अळी दुधासारखी पांढरी दिसते. सुमारे अडीच-तीन सेंटिमीटर लांब झाल्यावर, काही आठवड्यांनी, तिचा कोष होतो. खरा पाठ येथे आहे. कोष खात नाही, चालत नाही. मुलांना तो मेला असेच वाटते. आणि हळूच स्पर्श करताच तो शेपटाकडचा भाग हलवितो! त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते ती छडीने कधी साधली नाही. पुढे एक ते तीन आठवड्यांत पांढुरका भुंगेरा बाहेर येतो आणि काही दिवसांत तपकिरी, मग काळा होतो. कोष वेळीच निराळे काढावेत. भुकेल्या अळ्या व भुंगेरे ते कुरतडतात.

या अळ्या थर्मोकोलही पोखरतात. २०१५ साली चिनी व अमेरिकी संशोधकांनी शंभर अळ्या दिवसाला चौतीस ते एकोणचाळीस मिलिग्रॅम तो खातात असे दाखविले. म्हणून घरातला कचरा त्यांच्यापुढे टाकू नये. इतक्या अल्प भुकेने आपला ढिगारा संपत नाही. त्यांच्या विष्ठेचा भुगा मात्र कुंड्यांना चांगले खत होतो.

एक मादी शेकडो अंडी घालते. मग वाढलेल्या प्रजेचे काय करावयाचे? मैनेला वा माशांना घालणे हा रूढ मार्ग, पण जे घर मुंगीच्या वारुळापाशी साखर ठेवते त्याला तो रुचणार नाही, आणि त्या संकोचाची थट्टा करावी असे मला वाटत नाही. बागेत वा धान्याजवळ सोडणे तर मुळीच नको. हा साठवणीच्या धान्याचा शत्रूच आहे. ज्या घरी दमा वा ॲलर्जी आहे तेथे कोंड्याची धूळही त्रासदायक ठरते. बाकीच्यांनी दहाच अळ्या आणाव्यात आणि प्रत्येक कोष स्वतंत्र डबीत ठेवावा. भुंगेरे एकेकटे राहतात, प्रजा वाढत नाही, आणि कोंडा व गाजर मिळत गेले तर दोन-तीन महिने ते सुखाने जगतात.