थंडींतील शिवारफेरी : माळ, बांध आणि पाखरें

मार्गशीर्ष-पौषांत ज्वारी निसवली व हरभरा घाट्यांवर आला म्हणजे एके दिवशीं पहाटे विळा-खुरपें घरीं ठेवून आपल्याच शिवारांत नुसतें पाहत फिरावें, अशी वाचकांस आमची विनंति आहे. सोलापूर जिल्ह्यांत नान्नजच्या बाजूस अशी फेरी आम्हीं केली. पाखरूं कोठें बसेल हें बहुधा जमिनीची खोली व तीवरील झाडोरा यांवरून ठरतें, हें तेथें स्पष्ट दिसलें.

मुरमाड माळावर माती वीतभरहि नसते. तेथें कुसळी गवतच तग धरतें. मध्य आशियांतून हिंवाळ्यापुरता येणारा भोवत्या रात्रीं याच गवतांत जमिनीवर वस्ती करितो, व दिवसां पिकांवरून खालून घिरट्या घालीत नाकतोडे व उंदीर टिपतो. माळ नांगरला कीं त्याचा मुक्काम उठला. माळढोकासाठीं हा मुलूख १९७९ सालीं अभयारण्य ठरला, तरी तो पक्षी आतां विरळच. आम्हांस दिसला नाहीं.

माळाखालच्या काळ्या रानांत आम्ही अधिक रेंगाळलों. तेथें हरभऱ्याचीं दोन शेतें लागून आहेत. एकाच्या बांधावर बोरी, बाभळी व हिवर उभे आहेत. दुसऱ्याचा बांध पार साफ केलेला. पहिल्या शेतांत कोतवाल बाभळीवरून झेप घेई, अळी टिपी व पुन्हां त्याच फांदीवर जाऊन बसे. घाटेअळी दाणा खातांना निम्मी घाट्याबाहेर असते, म्हणून ती नजरेस पडण्याजोगी असते. दुसऱ्या शेतांत चंडोल व परीट तेवढे भुईवर चालतांना दिसले.

पाखरें एकटींच अळी आवरतील, असें आमचें म्हणणें नाहीं. झाडांच्या सावलीनें व मुळ्यांनीं कडेच्या ओळी खुरटतात, ही तक्रारहि रास्त आहे. भोरड्यांचे थवे तर भरल्या कणसांवर तुटून पडतात. आपल्या विणीच्या मुलुखांत त्या टोळ खातात हें खरें, पण त्यानें आपलें कणीस वाचत नाहीं. तेथें गोफणच हवी. बांध उघडा असेल त्यानें हरभऱ्यांत ज्वारीचे विरळ दाणे टाकावे, अथवा पिकाहून थोड्या उंच अशा आडव्या दांडीच्या काठ्या एकरीं सुमारें २० रोवाव्या.

परततांना त्या बांधावरील जुन्या बाभळीच्या ढोलींत पिंगळ्याची जोडी दिसली. मालकानें ती बाभूळ औताच्या लांकडासाठीं पाडण्याचें योजिलें होतें. तूर्त फांद्याच उतरविण्याचें त्यानें कबूल केलें.