एकाच कोंबडीखालची लहानमोठी पिल्ले

परसात कोंबड्या पाळणाऱ्यास एक कोडे नेहमी पडते. पिल्ले एकाच कोंबडीखाली, एकाच दिवशी निघाली, दाणापाणीही एकच. तरी दीड-दोन महिन्यांत काही दांडगी होतात व काही मागे राहतात. मागे राहिलेली तेवढी खुरटी समजून प्रथम विकावी, असे पुष्कळांस वाटते. आमच्या मते ही घाई घरच्या मिळकतीस मारक आहे.

पहिला भेद अंड्यातूनच येतो. पिल्लाचे जन्मवेळचे वजन अंड्याच्या वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश असते. तेव्हा लहान अंड्यातील पिल्लू लहानच निघावयाचे. दुसरा भेद नर-मादीचा. नर झपाट्याने वाढतो, त्याचा तुरा लवकर मोठा व लाल होतो. तलंग अंगाने बारीक व तुऱ्याने फिकी राहते. अर्थात खुरटी म्हणून जे विकले जाते, त्यांत पुढे अंडी देणारी तलंगच जाण्याचा संभव अधिक. गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारणतः ५० ते ८० अंडी देते. तलंग विकणारा ही सर्व अंडी आज येणाऱ्या थोड्या पैशांपायी घालवितो.

तिसरे कारण चाऱ्याचे. फुलचूर हे गोंदियाच्या भातगिरण्यांजवळचे गाव. येथे कनकी व कोंडा सहज मिळतो. परंतु कनकीने पोट भरते, अंग भरत नाही. कोवळ्या पिल्लांच्या खाद्यात शेकडा २० च्या आसपास प्रथिने हवीत. ती वाळवी, किडे किंवा सुकट यांतून मिळतात. आणि नेमका हाच मेवा दांडगी पिल्ले दुबळ्यांस टोचून हाकलून गट्ट करतात. अशा रीतीने पहिल्या आठवड्यातील थोडा भेद पुढे मोठा होत जातो.

यावर उपाय साधे आहेत. दाण्याची व पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावी. लहान पिल्लांस दिवसातून एकदा डालग्याखाली निराळे चारावे. दर आठवड्यास तीच वेळ साधून पिल्ले तोलावी व वजन वहीत मांडावे. नजर फसते, वही फसत नाही. जे पिल्लू लहान असूनही चपळ आहे व दर आठवड्यास थोडेबहुत वाढते, ते राखावे.

मात्र पंख गाळून डोळे मिटणारे पिल्लू निराळे समजावे. विष्ठेत रक्त दिसल्यास ती बहुधा रक्ती हगवण होय. तिचा जोर ओल्या जागेत वाढतो. असे पिल्लू तत्काळ वेगळे करून खुराडे कोरडे करावे व पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस पहिल्या आठवड्यातच देववावी.

तात्पर्य, पिल्लाच्या केवळ आकारावरून निवाडा करू नये. त्याची चाल, तुरा व वाढ पाहून मगच ठेवणे-विकणे ठरवावे, अशी आमची शेतकरी बंधुभगिनींस विनंती आहे.