विश्लेषण : शिशाची गोळी की तांब्याची? अमेरिकेतील हरणाच्या शिकारीचा वाद गिधाडांपर्यंत कसा पोहोचला?

अमेरिकेत दर वर्षी शरद ऋतूत हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या संख्येत केलेली ही शिकार तिथे कायदेशीर आहे आणि ते मांस बहुतेक घरांत वर्षभर फ्रीजरमध्ये राहते. त्यामुळे कोणती गोळी वापरायची, हा प्रश्न नेमबाजीपुरता उरत नाही. तो ताटापर्यंत येतो. (भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चितळ, सांबर, काळवीट यांच्या शिकारीला बंदी आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.)

शिशाच्या गोळीचे नेमके काय होते?

आपण सरसकट ‘गोळी’ म्हणतो, पण काडतूस चार गोष्टींचे बनते : पितळी पुंगळी, तळाशी ठिणगी देणारा प्रायमर, आतली दारू आणि टोकाला बसवलेली प्रत्यक्ष गोळी. हरणासाठीची पारंपरिक गोळी म्हणजे आत शिसे आणि बाहेर तांब्याचे पातळ आवरण. शिसे जड आणि मऊ. शरीरात शिरताच गोळी छत्रीसारखी पसरते, जखम मोठी होते आणि जनावर लवकर पडते. तडफडत दूर पळून जाण्यापेक्षा ते बरेच, म्हणून पसरणारी गोळी हीच शिकाऱ्यांची पसंती.

अडचण अशी की, पसरताना शिशाचे बारीक कण उडतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वायोमिंगमध्ये मारलेल्या ३० हरणांचे एक्स-रे काढले गेले. मांसाच्या २३४ पाकिटांपैकी ३२ टक्के पाकिटांत धातूचे कण सापडले. हे मांस खाऊ घातलेल्या डुकरांच्या रक्तातील शिसेही वाढले. त्याआधी, २००८ मध्ये नॉर्थ डकोटाच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी गरिबांसाठी दान आलेले हरणाचे मांस फेकून देण्यास अन्नपेढ्यांना सांगितले होते. त्यानंतरच्या पाहणीत शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसे थोडे जास्त आढळले. त्यातील कुणाचीही पातळी तेव्हाच्या धोक्याच्या रेषेपलीकडे नव्हती, हेही नोंदवायला हवे. मात्र लहान मुलांसाठी शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही.

गिधाडांचा संबंध कुठे?

शिकारी हरणाचा कोथळा जंगलातच टाकतात. त्यावर कॅलिफोर्निया कॉन्डोर हे अजस्र गिधाड जगते. त्याच्या जठरातील तीव्र आम्लात शिसे विरघळते आणि रक्तात उतरते. १९८२ मध्ये हे पक्षी जगात जेमतेम २२ उरले होते. १९८७ मध्ये सगळेच्या सगळे २७ पक्षी पिंजऱ्यात आणून प्रजनन करावे लागले. १९९२ पासून ते पुन्हा सोडले जाऊ लागले, पण शिशाची विषबाधा हे आजही त्यांच्या मृत्यूचे मोठे कारण आहे. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडे संपवली. तिथे हेच काम गोळी करते. विष वेगळे, वाट तीच.

कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीसाठी शिशाच्या दारूगोळ्यावर पूर्ण बंदी आली.

मग गोळी बदलली की झाले?

नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. बरेच अमेरिकी शिकारी काडतुसे घरी स्वतः भरतात. स्वतःच्या रायफलला नेमके कोणते मिश्रण मानवते, हे शोधण्याचा तो छंद आहे. तांब्याची गोळी आली आणि त्यांची जुनी गणिते मोडली.

शिशाची घनता घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, तर तांब्याची ८.९६. म्हणजे तेवढ्याच व्यासाची, तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी हवेत स्थिर राहायला जास्त वेगाने फिरावी लागते आणि ते फिरणे नळीतील पिळावर ठरते. जुन्या रायफलचा पीळ सैल असेल, तर जड तांब्याची गोळी डगमगते. दुसरे म्हणजे, काडतुसाची एकूण लांबी मॅगझिनने बांधलेली असते. त्यामुळे लांब गोळी पुंगळीत आत सरकते, दारूची जागा खाते आणि दाब वाढतो. म्हणूनच शिशाच्या गोळीसाठी छापलेले दारूचे माप तांब्याला लावणे धोक्याचे. त्या विशिष्ट गोळीसाठी प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेतील किमान मापापासून सुरुवात करून थोडे थोडे वर जायचे, हा नियम. प्रायमर चपटा झालेला दिसला किंवा बोल्ट उघडताना अडला, तर तिथेच थांबायचे.

त्यावर व्यवहारी उत्तर म्हणजे हलकी गोळी. .३०८ कॅलिबरमध्ये १८० ग्रेन वापरणारा तांब्यात १५० ग्रेनवर, म्हणजे सुमारे ९.७ ग्रॅमवर येतो. तांबे फारसे तुटत नाही. पाकळ्यांसारखे उघडते आणि वजन जवळपास टिकवून ठेवते, त्यामुळे हलकी गोळीही पुरेशी खोल जाते. पण उघडायला वेग लागतो. लांब पल्ल्यावर वेग घटला, तर गोळी न पसरता आरपार जाते आणि जखमी हरीण निसटते. शिकाऱ्यांचा हा आक्षेप खोटा नाही. त्याचे उत्तर जवळून नेम धरणे हेच आहे.

बंदीशिवाय मार्ग आहे का?

अ‍ॅरिझोनाने तो चोखाळला. कॉन्डोरच्या टापूत शिकारीचा परवाना मिळालेल्यांना २००५ पासून शिसेविरहित दारूगोळा मोफत दिला जाऊ लागला. सक्ती नाही, तरी बहुसंख्य शिकारी त्यात सामील झाले. जे शिसेच वापरतात, त्यांना एवढीच विनंती केली जाते की, हरणाचा कोथळा मागे न टाकता जंगलाबाहेर आणावा.