फुप्फुसातील सौम्य लसिकापेशी-वृद्धीचे निदान

सोनाळा हे बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. अशा गावातील प्रौढ व्यक्तीच्या क्षकिरणचित्रात फुप्फुसाच्या कडेशी गोल छाया दिसल्यास प्रथम क्षयाची व मागोमाग कर्करोगाची शंका घेतली जाते, आणि ते योग्यच होय. तथापि क्वचित ही छाया लसिकापेशींच्या सौम्य वृद्धीचीही असते. ती न ओळखल्यास रुग्णास अनावश्यक औषधे सोसावी लागतात. उलट, घातक अर्बुदास सौम्य मानल्यास उपचाराचा काळ दवडला जातो.

१९६३ साली सॉल्टझस्टीन यांनी अशा गाठींना ‘आभासी लसिकार्बुद’ या वर्गात स्थान दिले. पुढे त्यांपैकी पुष्कळशा गाठी वस्तुतः श्लेष्मल ऊतीशी निगडित, मंदगतीच्या घातक लसिकार्बुदाच्या असल्याचे दिसून आले. त्यामुळे खऱ्या सौम्य वृद्धीचे अस्तित्वच शंकास्पद ठरले होते. २००० साली ॲबॉन्डान्झो व सहकाऱ्यांनी १४ रुग्णांच्या ऊतींचा पेशीचिन्हे व जनुकपरीक्षा यांच्या साहाय्याने अभ्यास करून ते पुन्हा प्रस्थापित केले.

सौम्य गाठीत जननकेंद्रे सुस्पष्ट असून त्यांभोवतीचे लहान लसिकापेशींचे कडे अभंग असते. मधल्या जागेत प्लाझ्मापेशी व तंतुमय ऊती आढळतात. घातक अर्बुदात बी-पेशी हे कडे ओलांडून पसरतात, श्वासनलिकांच्या अस्तरात शिरून त्याचा नाश करतात आणि कित्येकदा फुप्फुसावरणही भेदतात. तरीही केवळ आकारावरून निर्णय देणे धोक्याचे आहे. सौम्य वृद्धीतील प्लाझ्मापेशींत कॅप्पा व लॅम्डा या दोन्ही शृंखला सापडतात, म्हणजेच त्या बहुवंशी असतात. जननकेंद्रांतील पेशींत बीसीएल-२ हे प्रथिन आढळत नाही. आणि प्रतिपिंड-जनुकाच्या परीक्षेतही एकवंशी पुनर्रचना दिसत नाही. शोग्रेन विकार, एचआयव्ही संसर्ग व आयजीजी-४ संबंधित विकार यांचाही विचार करणे अगत्याचे असते.

सुईने काढलेल्या मूठभर पेशींत ऊतीची मूळ रचना उरत नाही; म्हणून बहुधा संपूर्ण गाठ काढूनच निश्चित निदान होते. एकाकी सौम्य गाठीच्या बाबतीत तोच उपचारही ठरतो. सोनाळ्याच्या रुग्णाला अकोला वा नागपूर येथे वारंवार जाणे सुकर नसते. अशा स्थितीत पहिलाच नमुना पुरेसा असणे, त्यातील काही भाग क्षयजंतूंच्या संवर्धनासाठी राखून ठेवणे आणि सोबत रुग्णाचा पूर्ववृत्तांत पाठविणे, हे निदानाचेच अंग समजले पाहिजे.